आईबाबांना फ्लू झाला तर: कोकणातल्या घरासाठी औषधांचं वेळापत्रक

फ्लूवर औषध असतं, हेच पुष्कळ घरांत ठाऊक नसतं. सर्दी-तापासारखं काहीतरी, काढा घ्यायचा, तापाची गोळी घ्यायची आणि पडून राहायचं, एवढीच त्याची ओळख. तरुण माणसाला ते बहुतेक वेळा पुरतंही. पण पासष्टीच्या पुढे, त्यातही मधुमेह, दमा, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा त्रास सोबत असेल, तर हाच फ्लू न्यूमोनियापर्यंत जातो. त्यासाठी विषाणूवर थेट काम करणारी औषधं आहेत. आपल्याकडे सर्रास वापरलं जाणारं औषध म्हणजे ऑसेल्टामिवीर. टॅमीफ्लू, फ्लूविर, अँटीफ्लू अशा नावांनी ते मिळतं.

या औषधाची एक अट आहे. पहिलं लक्षण दिसल्यापासून ४८ तासांच्या आत ते सुरू झालं तर त्याचा सर्वांत जास्त उपयोग होतो. आणि कोकणात हे ४८ तास कसे जातात ते आपण सगळे जाणतो. पहिला दिवस ‘काय नाय रे, वायच कसर आसा’ म्हणण्यात जातो. दुसऱ्या दिवशी पाऊस कोसळत असतो, वाडीतून मुख्य रस्त्यापर्यंत पोहोचायचीच पंचाईत, एसटी आली तर आली. तिसऱ्या दिवशी तालुक्याच्या डॉक्टरांकडे नंबर लागतो. तोवर औषधाची उत्तम वेळ निघून गेलेली असते. त्यामुळे हा लेख ताप येण्याच्या बराच आधी सुरू होतो. गावात आईवडिलांजवळ राहणाऱ्यांसाठी तो आहेच, पण मुंबई-पुण्यातून फोनवर त्यांची काळजी घेणाऱ्यांसाठी जास्त आहे.

औषध द्यायचं की नाही, किती द्यायचं, हे डॉक्टरच ठरवणार. आपलं काम त्यांच्यापर्यंत वेळेत पोहोचणं आणि त्यांना लागणारी माहिती हातात ठेवणं.

औषध काय करतं आणि किती करतं

फ्लूचा विषाणू घशातल्या, श्वासनलिकेतल्या पेशीत शिरतो आणि तिथे स्वतःच्या असंख्य प्रती काढतो. नव्या प्रती बाहेर पडताना पेशीच्या पृष्ठभागाला चिकटलेल्या असतात. ती चिकटण तोडायला विषाणूकडे न्यूरामिनिडेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं. ऑसेल्टामिवीर त्या विकरालाच अडवतं. नव्या प्रती जागच्या जागी अडकतात आणि शेजारच्या पेशींत पसरत नाहीत. आधीच झालेलं नुकसान हे औषध भरून काढत नाही. विषाणूची वाढ पहिल्या दोन-तीन दिवसांतच सर्वाधिक असते, म्हणून घाई.

झानामिवीर याच गटातलं, पण ते तोंडाने ओढून घ्यायचं औषध आहे. दमा किंवा सिगारेट-विडीने खराब झालेली फुप्फुसं असतील तर त्याने श्वासनलिका आवळू शकते, त्यामुळे बऱ्याच ज्येष्ठांना ते चालत नाही. पेरामिवीर शिरेतून देतात, म्हणजे ते रुग्णालयातलं औषध. बॅलॉक्सावीर वेगळ्या पद्धतीने, विषाणूच्या प्रती काढण्याच्या कामातच अडथळा आणतं आणि त्याचा एकच डोस पुरतो. पण तालुक्याच्या औषध दुकानात ते मिळेल असं धरून चालू नका. अमॅन्टाडीन हे जुनं औषध कुणी सुचवलं तर नको म्हणा. हल्लीच्या फ्लूच्या विषाणूंवर ते चालत नाही.

आता औषधाचा उपयोग किती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१४ च्या आढाव्यात प्रौढांचा आजार सरासरी सात दिवसांवरून ६.३ दिवसांवर आलेला दिसला. म्हणजे जेमतेम पाऊण दिवस. २०२० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या युरोपातल्या मोठ्या अभ्यासात सरासरी फायदा एका दिवसाचा होता, पण वय जास्त, आजार जोरदार आणि सोबत जुनी दुखणी असलेल्यांना दोन ते तीन दिवस आधी बरं वाटलं. रुग्णालयात भरती होणं टळतं का, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत गंभीर फ्लूसाठी ऑसेल्टामिवीर सुचवलं आहे. सौम्य फ्लू पण धोका जास्त, अशा रुग्णासाठी मात्र त्यांनी बॅलॉक्सावीरला पसंती दिली आहे. अमेरिकेतल्या आणि आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या सूचना ज्येष्ठांना ऑसेल्टामिवीर लवकर सुरू करायला सांगतात.

माझं मत स्पष्ट आहे. पंचाहत्तरीच्या, मधुमेह असलेल्या माणसाच्या दृष्टीने अंथरुणातले दोन दिवस कमी होणं ही लहान गोष्ट नाही. या वयात आठवडाभर पडून राहिलं की पायांतली ताकद जाते आणि ती परत यायला महिने लागतात. हाताशी असलेलं औषध वेळेत मिळत असेल तर मी डॉक्टरांना ते आवर्जून विचारीन.

मिरगाच्या आधीची तयारी

आपल्याकडे फ्लूचे दोन हंगाम असतात. एक जानेवारी ते मार्च आणि दुसरा पावसाळ्यातला, साधारण जुलै ते सप्टेंबर. कोकणात दुसरा जास्त त्रासदायक ठरतो, कारण रस्ते, वीज आणि फोन तिन्ही तेव्हाच दगा देतात. त्यामुळे तयारी मे महिन्यात, घरातली मंडळी सुट्टीला आलेली असतानाच उरकावी.

पहिलं काम लशीचं. औषध हे लशीला पर्याय नाही. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू बदलतो आणि त्याप्रमाणे लसही बदलते. ती घेतल्यावर संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात, म्हणून एप्रिल-मे ही बरी वेळ. लस घेतलेल्यालाही फ्लू होऊ शकतो, पण तो बहुधा सौम्य राहतो. नाकात फवारायची जिवंत विषाणूची लस ज्येष्ठांसाठी नाही, त्यांना दंडात टोचायचीच द्यायची.

दुसरं काम मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं आणि नेमकं तेच कुणी करत नाही. रक्तातलं क्रिएटिनीन (मूत्रपिंड किती काम करतं ते सांगणारा घटक) तपासून घ्या आणि वजन करून घ्या. ऑसेल्टामिवीर शरीराबाहेर जातं ते मूत्रपिंडावाटे. मूत्रपिंड मंद असेल तर नेहमीचा डोस अंगात साठतो, त्यामुळे डोस कमी करावा लागतो. यात एक फसवी गोष्ट आहे. बारीक अंगाच्या वृद्ध बाईच्या रिपोर्टवर क्रिएटिनीन ‘नॉर्मल’ दिसतं, कारण क्रिएटिनीन स्नायूंतून येतं आणि स्नायूच कमी झालेले असतात. मूत्रपिंड मात्र बरंच थकलेलं असू शकतं.

डॉक्टर यासाठी एक साधं सूत्र वापरतात. १४० मधून वय वजा करायचं, त्याला किलोतल्या वजनाने गुणायचं, आलेल्या संख्येला ७२ गुणिले क्रिएटिनीन याने भागायचं. बाई असेल तर उत्तराला ०.८५ ने गुणायचं. समजा आजीचं वय ८०, वजन ४५ किलो आणि क्रिएटिनीन १.१. साठ गुणिले पंचेचाळीस म्हणजे २७००. ७२ गुणिले १.१ म्हणजे ७९.२. भागाकार साधारण ३४, आणि ०.८५ ने गुणल्यावर २९. रिपोर्टवर लाल खूण नसलेल्या या आजीला फ्लूचा पूर्ण डोस चालणार नाही. तिला त्याचा पाचवा हिस्साच पुरेल, आणि तो कसा ते पुढे येतंच. क्रिएटिनीन १.० असतं तर उत्तर ३२ आलं असतं आणि डोस पुन्हा वेगळा. तापाच्या रात्री तपासणी करायला प्रयोगशाळा उघडी नसते. मे महिन्यातला आकडा डॉक्टरांना फोनवर सांगता आला, तर ते तिथल्या तिथे डोस ठरवू शकतात.

तिसरं काम चौकशीचं. ऑसेल्टामिवीर एच-१ वर्गातलं औषध आहे. २०१७ पर्यंत ते फार मोजक्या दुकानांना ठेवता येत असे, आता साध्या औषध दुकानातही मिळू शकतं. मात्र चिठ्ठी लागतेच आणि दुकानदाराला त्याची नोंद ठेवावी लागते. आपल्या बाजारपेठेतल्या दुकानात जाऊन विचारा: ३०, ४५ आणि ७५ मिलिग्रॅम यांतल्या कुठल्या कॅप्सूल असतात? नसतील तर मागवायला किती वेळ लागतो? मूत्रपिंड मंद असलेल्यांना ३० चीच लागते आणि लहान गावांत नेमकी तीच नसते. प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात साठा आहे का तेही विचारून ठेवा, तिथे हे औषध मोफत मिळतं. आशाताईंना बहुतेक वेळा हे आधीच ठाऊक असतं.

औषध घरात आणूनच ठेवावं का? डॉक्टरांनी त्या माणसाचं वय, वजन आणि मूत्रपिंड पाहून, त्याच्याच नावावर लिहून दिलं असेल आणि ‘फोन केल्याशिवाय सुरू करायचं नाही’ असं ठरलं असेल, तरच. पावसात ज्या वाडीचा साकव पाण्याखाली जातो, तिथे हे शहाणपणाचं आहे. पण शेजारच्याला ताप आला म्हणून त्यातल्या दोन कॅप्सूल काढून देणं घातक आहे. दोघांचंही नुकसान होतं: एकाचा डोस अपुरा राहतो आणि दुसऱ्याला न तपासता औषध जातं.

चौथं काम एका कागदाचं. त्यावर वय, वजन, क्रिएटिनीन आणि त्याची तारीख, चालू असलेल्या गोळ्यांची नावं, ॲलर्जी, लस घेतल्याचा महिना, डॉक्टरांचा नंबर, गाडीवाल्याचा नंबर आणि १०८ एवढं मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावा. त्याचा फोटो घरातल्या सगळ्यांच्या फोनवर असू द्या. थर्मामीटर आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घरात हवाच. दोन्ही वापरून दाखवा आणि आईवडील बरे असतानाचा ऑक्सिजनचा आकडाही कागदावर लिहा. ज्याचा एरवीच ९४ असतो त्याचा ९३ आणि ज्याचा ९८ असतो त्याचा ९३, यांत फरक आहे.

म्हाताऱ्या माणसाचा फ्लू ओळखताना

तरुणाला फ्लू होतो तो दणक्यात: अचानक थंडी, १०२ ताप, अंग ठेचल्यासारखं, कोरडा खोकला. वय झालेल्यांत असं होईलच असं नाही. ताप येतच नाही किंवा ९९ वर रेंगाळतो. आई जेवत नाही, सारखी झोपते, बोलताना गोंधळते, न्हाणीघरात जाताना तोल जातो. जुना दमा अचानक उसळतो किंवा पायांवरची सूज वाढते. हंगाम फ्लूचा असेल आणि घरात, वाडीत कुणाला खोकला-ताप असेल, तर यातलं कुठलंही लक्षण फ्लूचं धरून डॉक्टरांना कळवा.

मुंबईहून फोन करणाऱ्यांनी ‘बरी आहेस ना?’ असं विचारू नये. उत्तर ‘हो’च येणार. काल रात्री किती भाकरी खाल्लीस, आज अंगण झाडलंस का, खोकल्याने किती वेळा जाग आली, आज वार कोणता, असं विचारा. आवाजात धाप आहे का ऐका. एक वाक्य सलग बोलता येत नसेल तर बाकी काही विचारत बसू नका, गाडी बोलवा.

आणि पहिलं लक्षण कधी दिसलं त्याची वेळ लिहून ठेवा. ‘परवापासून’ असं नको. ‘मंगळवारी दुपारी जेवणानंतर’ असं हवं. डॉक्टरांचा निर्णय त्या वेळेवर अवलंबून असतो.

कोकणात प्रत्येक ताप फ्लूचा नसतो

हे न लिहिता हा लेख पुरा करणं धोक्याचं ठरेल. ऑसेल्टामिवीर फक्त फ्लूवर चालतं. पावसाळ्यात आपल्याकडे लेप्टो, डेंग्यू आणि मलेरिया एकाच वेळी फिरत असतात.

लावणीच्या चिखलात किंवा गोठ्याच्या पाण्यात अनवाणी काम केल्यानंतरच्या दिवसांत जोराचा ताप, पोटऱ्यांत असह्य दुखणं, डोळे लाल, लघवी कमी, असं असेल तर लेप्टोचा विचार आधी व्हायला हवा. त्यावर प्रतिजैविक लागतं आणि तेही लवकर. डोळ्यांच्या मागे दुखणं, अंगावर पुरळ, हिरड्यांतून रक्त, आणि सर्दी-खोकला नाही, असं असेल तर डेंग्यू. ठरावीक वेळाने हुडहुडी भरून घाम फुटत असेल तर मलेरिया. सिंधुदुर्गात दोडामार्ग, बांदा, सावंतवाडी या बाजूला जानेवारी ते मे या काळात जंगलात किंवा काजूच्या बागेत गेलेल्या माणसाला ताप आला तर माकडतापही लक्षात ठेवावा. तिथे २०१६ पासून तो आढळतो आहे, गोचिडीतून पसरतो, आणि त्याचा हंगाम फ्लूच्या हिवाळी लाटेशी जुळतो.

फ्लूकडे बोट दाखवणारं लक्षण म्हणजे घसा आणि खोकला, आणि आजूबाजूच्या एकदोघांना तेच. तरी खात्री घरबसल्या होत नाही. म्हणून चिखलातलं काम, गुरं, गोचीड, डास यांतलं जे काही घडलं असेल ते डॉक्टरांना विचारायची वाट न बघता सांगा.

याच कारणाने कुठल्याही तापात डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, निमेसुलाइड असल्या दुखण्याच्या गोळ्या ज्येष्ठांना देऊ नका. ताप डेंग्यूचा असेल तर रक्तस्रावाचा धोका, लेप्टोचा असेल तर मूत्रपिंडाला धोका, आणि फ्लूचा असेल तरी ज्या मूत्रपिंडावर औषधाचा डोस ठरणार तेच आणखी थकणार. पॅरासिटामॉल पुरे. ५०० किंवा ६५० ची गोळी, दोन गोळ्यांत किमान सहा तासांचं अंतर. यकृताचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारूनच.

डॉक्टरांशी बोलताना

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने फ्लूच्या रुग्णांचे तीन गट केले आहेत आणि सरकारी दवाखाने त्यानुसार चालतात. ‘अ’ गट म्हणजे साधा ताप, खोकला, घसा. यात ऑसेल्टामिवीर नाही, एक-दोन दिवस लक्ष ठेवायचं. ‘ब’ गटात जास्त ताप आणि घशाचा जास्त त्रास असलेले येतात. त्याच गटाच्या दुसऱ्या भागात, लक्षणं साधी असली तरी वय ६५ किंवा त्याहून जास्त आहे, किंवा मधुमेह, हृदय, फुप्फुस, यकृत, मूत्रपिंडाचा जुना आजार आहे, असे सगळे येतात. त्यांना ऑसेल्टामिवीर द्यावं असं त्या सूचनांत आहे आणि त्यासाठी तपासणीची अट नाही. ‘क’ गट म्हणजे धाप, छातीत दुखणं, ग्लानी, रक्तदाब घसरणं, थुंकीत रक्त, नखं निळी पडणं. यांना तपासणी, भरती आणि औषध, सगळं लगेच.

हे ठाऊक असण्याचा उपयोग मोठा आहे. ‘अजून सौम्य आहे, तीन दिवस बघू’ हे वाक्य तिशीतल्या माणसाला योग्य, सत्तरीतल्याला नाही. नम्रपणे विचारा: ‘डॉक्टर, यांचं वय ७४ आहे, मधुमेह आहे, लक्षणं काल संध्याकाळपासून आहेत. फ्लूचं औषध सुरू करायचं का?’ एवढ्या एका वाक्यात त्यांना हवं ते सगळं येतं. दवाखान्यात पोहोचणं शक्य नसेल तर फोनवर किंवा ई-संजीवनी या मोफत सरकारी सेवेवर बोला.

तपासणीसाठी घशातला किंवा नाकातला स्वॅब घेतात. आरटी-पीसीआर भरवशाचा, पण नमुना मोठ्या प्रयोगशाळेत जाऊन अहवाल यायला वेळ लागतो. झटपट किटचा निकाल ‘नाही’ आला तरी फ्लू असू शकतो. त्यामुळे अहवालासाठी औषध अडवून ठेवू नये. आधी सुरू करावं, मग अहवालाप्रमाणे थांबवावं की चालू ठेवावं ते डॉक्टर सांगतील.

४८ तास उलटून गेले असतील तर? रुग्ण गंभीर असेल, भरती करावा लागत असेल, तर उशिरानेही औषध देतात, चौथ्या-पाचव्या दिवशीसुद्धा. ‘आता काय उपयोग’ म्हणून गप्प बसू नका.

डोस

मूत्रपिंड ठीक असेल तर उपचाराचा डोस ७५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, पाच दिवस. म्हणजे दहा कॅप्सूल. वरच्या सूत्राचं उत्तर ३० ते ६० मध्ये असेल तर ३० मिलिग्रॅम दोनदा. १० ते ३० मध्ये असेल तर ३० मिलिग्रॅम दिवसातून एकदाच. आपल्या उदाहरणातल्या आजीला दिवसाला १५० ऐवजी ३० म्हणजे पाचवा हिस्साच लागेल, तो असा. डायलिसिसवर असलेल्यांना डायलिसिसच्या दिवसाप्रमाणे वेगळं गणित असतं, ते त्यांच्या मूत्रपिंडतज्ज्ञांनीच ठरवायचं.

मळमळ आणि उलटी हा याचा सर्वांत नेहमीचा त्रास. उपाशीपोटी घेतलं तरी औषध लागू पडतं, पण पोटात काही असलं तर मळमळ कमी होते. मऊ पेज दोन पळ्या आणि मग कॅप्सूल, हे छान जमतं. गिळता येत नसेल तर कॅप्सूल उघडून आतली पूड गोड पातळ पदार्थात मिसळून देता येते. चव फार कडू असते. चमचाभर गुळाच्या पाण्यात किंवा मधात मिसळा, आणि मिसळलेलं सगळं पोटात गेलं ना ते बघा. मधुमेह असला तरी चमचाभराने बिघडत नाही.

डोस चुकला तर आठवल्याबरोबर द्या. पुढच्या डोसला दोन तासही उरले नसतील तर चुकलेला सोडून द्या. दोन एकदम कधीच नकोत. दोन दिवसांत बरं वाटलं तरी पाचही दिवस पुरे करा. क्वचित कुणाला भास होतात, विचित्र वागणं दिसतं. फ्लूनेही तसं होऊ शकतं, त्यामुळे कारण न शोधता डॉक्टरांना कळवा. अंगावर पुरळ किंवा चेहऱ्याला सूज आली तर पुढचा डोस थांबवून लगेच फोन करा. संधिवातासाठी प्रोबेनेसिड चालू असेल तर आधीच सांगा, त्याने ऑसेल्टामिवीरची रक्तातली पातळी वाढते.

‘जोडीला एक अँटिबायोटिक द्या’ असा आग्रह धरू नका. प्रतिजैविक विषाणूवर चालत नाही. जिवाणूंचा न्यूमोनिया वाटला तर डॉक्टर ते आपणहून देतील. तसंच पटकन तरतरी यावी म्हणून स्टेरॉइडचं इंजेक्शन मागू नका. फ्लूमध्ये त्याने फायदा नाही आणि मधुमेह्याची साखर उसळते. दम्यासाठी डॉक्टरांनी दिलेलं असेल तर ती गोष्ट वेगळी, ते बंद करायचं नाही.

ते पाच दिवस

सकाळ, दुपार, रात्र असे तीन वेळा ताप, ऑक्सिजन, लघवी किती वेळा झाली आणि काय खाल्लं ते वहीत लिहा. ऑक्सिमीटर लावण्याआधी थंड बोट चोळून गरम करा, नाहीतर आकडा खोटा येतो. पेज, कुळथाचं पिठलं, भाताची निवळ, कोकमाचं सार, जे जाईल ते थोडं थोडं. हृदय किंवा मूत्रपिंडासाठी पाणी मोजून प्यायला सांगितलेलं असेल तर फ्लूमध्येही किती चालेल ते विचारा. खाणं निम्म्यावर आलं असेल तर मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या आणि लघवीच्या गोळ्यांचं काय करायचं ते त्याच दिवशी विचारा. मनाने बंदही करू नका आणि तशाच रेटूही नका. हृदयासाठीची रोजची ॲस्पिरिन डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज थांबवायची नाही.

पाऊस आहे म्हणून खोली बंद करून चुलीचा धूर आत कोंडू देऊ नका. आजारी माणसाची फुप्फुसं आधीच त्रासात असतात.

धाप लागली, ऑक्सिजन ९४ च्या खाली आला किंवा नेहमीच्या आकड्यापेक्षा तीन-चारने घसरला, ओठ निळसर झाले, छातीत दुखलं, माणूस हाक मारूनही नीट जागा होत नाही, आठ-दहा तास लघवी झाली नाही, यांतलं काहीही झालं तर १०८. रात्री वाट बघत बसू नका. घाटातला किंवा खाडीपलीकडचा रस्ता असेल तर निघायचा निर्णय उजेड असताना घ्यावा. संध्याकाळी चार वाजता आकडा ९५ आणि सकाळी ९७ होता, तर मी रात्र गावात काढणार नाही.

आणखी एक फसवं वळण आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप उतरतो, आजोबा पडवीत येऊन बसतात आणि दोन दिवसांनी पुन्हा ताप चढतो, खोकल्यातून पिवळा-हिरवा बेडका पडतो. हा बहुधा फ्लूच्या मागून आलेला जिवाणूंचा न्यूमोनिया. त्याच दिवशी दवाखाना.

चाकरमानी, गणपती आणि घरातले बाकीचे

भाद्रपदात रेल्वे आणि बसगाड्या भरभरून माणसं कोकणात उतरतात, नेमकी फ्लूच्या हंगामात. फ्लूचा माणूस लक्षणं दिसण्याच्या एक दिवस आधीपासून पुढे पाच-सात दिवस दुसऱ्याला देऊ शकतो. मग एकाच घरात वीस माणसं, एकच माजघर, आरतीला सगळे दाटीने. नातवंडांकडून आजीला फ्लू जाण्याची सोय याहून चांगली होऊ शकत नाही.

गणपतीला येऊ नका असं कुणी कुणाला सांगणार नाही, मीही सांगत नाही. पण निघायच्या दिवशी घशात खवखव आणि ताप असेल तर दोन दिवस उशिरा निघा. पोहोचल्यावर त्रास सुरू झाला तर मास्क, वेगळी खोली किंवा निदान पडवीतली झोपायची जागा, आणि आजीआजोबांचं ताट-वाटी दुसऱ्याने सांभाळणं.

आणि इथेच प्रतिबंधक डोस येतो. घरात कुणाला फ्लू झाला असेल आणि त्याच्या जवळ वावरलेल्या ज्येष्ठाला अजून काहीच लक्षण नसेल, तर ऑसेल्टामिवीर ७५ मिलिग्रॅम दिवसातून एकदा, सात ते दहा दिवस दिलं जातं. संपर्क आल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू झालं तर उपयोग. इथेही मूत्रपिंडाप्रमाणे डोस कमी होतो: सूत्राचं उत्तर ३० ते ६० असेल तर ३० मिलिग्रॅम रोज एकदा, १० ते ३० असेल तर ३० मिलिग्रॅम एक दिवसाआड.

हे सरसकट सगळ्यांना द्यायचं नसतं. धडधाकट माणसांना तर नकोच. लस न घेतलेले, खूप वय झालेले, कर्करोगावर उपचार चालू असलेले, स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घेणारे, फुप्फुस खराब असलेले, यांच्यासाठी डॉक्टर त्याचा विचार करतात. बाकीच्यांसाठी दुसरा मार्ग बरा: काही न देता लक्ष ठेवायचं आणि पहिली शिंक-खोकला दिसताच उपचाराचा डोस सुरू करायचा. प्रतिबंधक डोस चालू असताना लक्षणं आली तर रोजची एक कॅप्सूल पुरत नाही, डॉक्टरांशी बोलून उपचाराचा डोस सुरू करावा लागतो.

वृद्धाश्रमाचं गणित वेगळं. तिथे दोनतीन दिवसांत दोघांना फ्लू झाला की पुढे झपाट्याने पसरतो. २००१ च्या एका अभ्यासात वृद्धाश्रमांतल्या, बहुतेक लस घेतलेल्या रहिवाशांना सहा आठवडे रोज एक डोस दिल्यावर फ्लूचं प्रमाण ४.४ टक्क्यांवरून ०.४ टक्क्यांवर आलं होतं. म्हणून साथ शिरली की लक्षणं नसलेल्या रहिवाशांनाही, लस झालेली असली तरी, किमान दोन आठवडे आणि शेवटचा रुग्ण सापडल्यानंतर आठवडाभर औषध देण्याची पद्धत आहे. तुमच्या ओळखीचं कुणी अशा ठिकाणी राहत असेल तर प्रत्येक रहिवाशाचं क्रिएटिनीन त्यांच्या नोंदीत आहे का, एवढं जाऊन विचारा.

बरं झाल्यावर

औषध संपलं तरी खोकला आणि थकवा दोन-तीन आठवडे राहू शकतो. दुसऱ्या दिवसापासूनच थोडं बसवा, मग पडवीपर्यंत, मग अंगणात, हात धरून. ओल्या, शेवाळलेल्या पायऱ्यांवर एकटं सोडू नका, फ्लूनंतरचं पडणं आणि मोडलेलं खुब्याचं हाड हा वेगळाच आजार होऊन बसतो.

हृदयावरही नजर हवी. २०१८ मध्ये कॅनडातल्या एका अभ्यासात फ्लूचं निदान झाल्यानंतरच्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे सहापट आढळला. छातीत जडपणा, डाव्या हातात कळ, अचानक घाम, जबड्यात दुखणं हे ‘अशक्तपणाचं’ समजू नका.

त्या वर्षीची लस राहिली असेल तर ताप उतरून तब्येत सावरल्यावर ती घेता येते. एकदा फ्लू झाला म्हणून त्या हंगामात दुसऱ्या प्रकारचा होणार नाही असं नसतं. आजारपणात मूत्रपिंडावर ताण आला असेल तर महिन्याभराने क्रिएटिनीन पुन्हा तपासा, आणि भिंतीवरच्या कागदावरचा जुना आकडा खोडून नवा तारखेसह लिहा.